मनालीचं कॉटेज मे महिन्यात कोणाचं?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. हे मार्चअखेर साठाव्या वर्षी निवृत्त झाले. सगळी नोकरी लोकलच्या गर्दीत ये-जा करण्यात गेली. मे महिन्यात आम्ही दोघं मनालीला जाऊन आलो. इथे घामाच्या धारा आणि तिथे रात्री रजई! सोलांगच्या वाटेवर ह्यांनी एक प्रकल्प पाहिला. देवदारांच्या मध्ये छोटी छोटी कॉटेजेस, समोर बर्फाची शिखरं. किंमत ६८ लाख. एजंट म्हणतो, हिवाळ्यात स्कीइंगचे पाहुणे, उन्हाळ्यात थंड हवेचे, म्हणजे बारा महिने भाडं. वर्षाला आठ टक्क्यांची हमी, शिवाय तुम्हाला हवं तेव्हा येऊन राहा. बाहेरच्या लोकांना तिथे जमीन मिळत नाही ना, असं मी विचारलं. त्यावर म्हणाला, साहेबांच्या नावावर संगमेश्वरला सातबारा आहे, मग ते शेतकरीच झाले. निवृत्तीचे सगळे मिळून नव्वदेक लाख आलेत. महिनाअखेरपर्यंत दोन लाख टोकन द्यायचंय. माझे गुडघे दुखतात, ह्यांना रक्तदाबाची गोळी आहे. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला. दोघं म्हणतात, बाबांची हौस आहे तर घेऊ दे. मी काही बोलले की हे गप्प होतात, जेवतानासुद्धा बोलत नाहीत. मी त्यांच्या आनंदात खोडा घालतेय का?
– एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर

ताई, नाही. तुम्ही खोडा घालत नाही आहात. टोकन द्यायचं नाही, यावर ठाम राहा. पण यजमानांना जे हवंय ते नाकारूही नका, कारण ते कॉटेजपेक्षा निराळं आहे आणि त्यांना ते नक्की मिळू शकतं.

त्यांना उन्हाळा हवाय. आयुष्यभर मे महिना लोकलच्या डब्यात काढलेल्या माणसाला समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवरची पहाट दिसली, तर त्याचा जीव तिथे अडकणारच. एप्रिलमध्ये सफरचंदाला मोहोर येतो, मेच्या मध्यावर हिडिंबेच्या देवळाशी ढुंगरीची जत्रा भरते, जूनमध्ये चेरी तयार होते आणि खाली हे सगळं हिरवंगार चाललेलं असताना वर शिखरांवर बर्फ तसाच असतो. अटलबिहारी वाजपेयींचं मनालीजवळ प्रीणी गावात घर होतं. पंतप्रधान असतानाही ते उन्हाळ्यात तिथे विश्रांतीला जात. आणि ही ओढ आपल्या ठाण्याला काही नवी नाही. माथेरानची वाट धुंडाळत १८५० च्या मे महिन्यात डोंगर चढून गेलेला ह्यू मॅलेट हा ठाण्याचाच कलेक्टर होता. उकाडा सुरू झाला की वर जावंसं वाटणं अगदी रास्त आहे, आणि हे तुम्ही त्यांना आधी म्हणा. 'मला कळतंय तुम्हाला काय आवडलं' हे वाक्य त्यांनी तुमच्या तोंडून अजून ऐकलेलं नसावं, असं पत्रावरून वाटतं.

आता कॉटेजकडे येऊ. एजंटाने तुम्हाला दोन हंगाम विकलेत. त्यातला हिवाळा बाजूला काढून हिशेब करा. सोलांगला स्कीइंग होतं ते साधारण जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, तेही बर्फ पडला तर. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गसारख्या ठिकाणी उतार कोरडे पडले होते. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. परदेशातली स्कीइंगची गावंसुद्धा आता उन्हाळ्याकडे वळलीत. कॅनडातल्या व्हिस्लरला उन्हाळ्यात त्याच लिफ्टमधून सायकली वर नेतात आणि लोक डोंगरातल्या वाटांवरून खाली येतात. कुलू-मनालीत तर उन्हाळा आधीपासूनच मुख्य हंगाम आहे. गुजरात, महाराष्ट्र, दिल्ली, बंगाल, सगळीकडच्या शाळांना सुट्ट्या लागल्या की मॉल रोडवर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा त्या घराला जी काही किंमत आहे, ती एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतच्या दहा-अकरा आठवड्यांची.

आणि खरा पेच इथेच आहे. तुम्हाला राहायचंय तेही याच आठवड्यांत. ठाण्यात उकाडा असतो तेव्हा, मुलांना रजा असते तेव्हा, नातवंडांची शाळा बंद असते तेव्हा. भाडं मिळतं तेही तेव्हाच. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाऊस आणि दरडी. ऑक्टोबर सुंदर, पण दसरा-दिवाळीचे मोजके दिवस सोडले तर गर्दी कमी. नोव्हेंबर रिकामा. नाताळ ते नववर्ष पुन्हा झुंबड, नंतर बर्फाचा भरवसा नाही. म्हणजे मे-जून तुम्ही राहिलात तर कमाईचा मोठा भाग गेला, आणि भाड्याने दिलं तर ६८ लाख गुंतवून मेमध्ये तुम्ही ठाण्यातच. 'हवं तेव्हा राहा' या वाक्याखाली करारात काय लिहिलंय ते वाचा. अशा करारांत मालकाचे दिवस ठरलेले असतात आणि गर्दीचे आठवडे त्यातून वगळलेले असतात. एजंटाला एकच प्रश्न लेखी विचारा: येत्या १ ते ३१ मे आम्ही राहिलो, तर आठ टक्क्यांतून किती वजा करणार? उत्तर काय येतं, आणि येतं की नाही, त्यावरून पुष्कळ कळेल. घर राहण्यासाठी घ्यायचं की धंद्यासाठी, हे आधी तुम्हा दोघांत ठरायला हवं. एकाच मे महिन्यातून दोन्ही निघणार नाही.

कायद्याचं मात्र नीट बसून वाचा, कारण तिथे तुम्हाला सरळ चुकीचं सांगितलं गेलंय. हिमाचल प्रदेशाचा १९७२ चा कुळ व जमीन सुधारणा कायदा आहे. त्याच्या कलम ११८ नुसार, जो तिथला शेतकरी नाही त्याला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन विकत घेता येत नाही. शेतकरी म्हणजे कोण, तेही त्याच कायद्यात लिहिलंय: हिमाचलातली जमीन स्वतः कसणारा जमीनमालक. संगमेश्वरचा सातबारा महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला उपयोगी पडतो, हिमाचलात त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्याकडच्या अनेकांची नेमकी इथे फसगत होते, कारण नियम ऐकायला सारखाच वाटतो.

परवानगी मिळतच नाही असं नाही. पण ती ज्या कारणासाठी दिली जाते, त्याच कारणासाठी जागा वापरावी लागते, तीही साधारण दोन वर्षांच्या आत. तसं झालं नाही किंवा वापर बदलला, तर मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. आता एजंटाचं बोलणं आठवा. राहण्यासाठी म्हणून परवानगी घ्यायची आणि बारा महिने पाहुणे ठेवायचे, हे या अटीत कसं बसतं? पाहुणे ठेवायचे तर पर्यटन खात्याची नोंदणीही लागते. तेव्हा तीन कागद मागा: तुमच्या नावाने मिळालेली किंवा मिळू शकेल अशी कलम ११८ ची परवानगी, हिमाचलच्या रेरा प्राधिकरणाकडचा प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, आणि परवानगीत लिहिलेला वापर. कुलूमधला एखादा वकील स्वतः शोधा. एजंटाने सुचवलेला नको. फी द्यावी लागेल, पण ६८ लाखांपुढे ती काहीच नाही. सरकारी हिमुडा संस्थेने बांधलेली घरं या कलमातून वगळलेली आहेत. बाहेरच्यांसाठी तो त्यातल्या त्यात सरळ मार्ग आहे.

आणि कोणी म्हणालं, की तात्पुरतं स्थानिक माणसाच्या नावावर ठेवू, तुमच्याकडे मुखत्यारपत्र राहील, तर तिथून उठून या. ही बेनामी मालमत्ता होते. १९८८ चा बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायदा २०१६ च्या दुरुस्तीनंतर फार कडक झालाय. मालमत्ता जप्त होते आणि तुरुंगवासही होऊ शकतो. निवृत्तीच्या वयात ही टांगती तलवार कशाला?

याच कायद्यामुळे आणखी एक गोष्ट होते, जी खरेदीच्या उत्साहात कोणी बोलत नाही. उद्या तुम्हाला ते कॉटेज विकायचं झालं, तर घेणाऱ्यालाही हीच परवानगी लागणार. स्थानिक माणूस डोंगरातलं पर्यटकांचं कॉटेज ६८ लाखांना कशाला घेईल? म्हणजे गिऱ्हाईक मोजकं. ठाण्यातला फ्लॅट अडीअडचणीला चार-सहा महिन्यांत निघतो, तशी सोय तिथे धरू नका.

तुम्ही विचारलेलं नाही, पण जागेबद्दलही सांगायला हवं. २०२३ च्या जुलैत बियास नदीला जो पूर आला, त्यात कुलू-मनाली रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला, इमारती नदीत गेल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. हा सगळा पट्टा भूकंपप्रवण आहे. १९०५ च्या कांगडा भूकंपात वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथली जुनी घरं देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे थर एकाआड एक रचून बांधत. काठकुणी म्हणतात त्या पद्धतीला. अशी घरं भूकंपात हलतात, पण सहसा कोसळत नाहीत. नग्गरचा जुना वाडा तशाच बांधणीचा आहे, पुढच्या वेळी यजमानांना मुद्दाम दाखवा. उतार कापून, भराव घालून, वर काँक्रीटचे खांब उभे केलेल्या नव्या बांधकामाला त्या शहाणपणाचा वारसा नाही. प्रकल्पाच्या वर डोंगरात काय आहे, नाला किती अंतरावर आहे, २०२३ मध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे खालच्या चहावाल्याला विचारा. तो खरं सांगेल.

(औली किंवा गुलमर्ग असा पर्याय पुढे आला, तर थोडक्यात सांगते. औलीच्या पायथ्याचं जोशीमठ २०२३ च्या जानेवारीत खचायला लागलं, घरांना भेगा पडल्या, लोकांना हलवावं लागलं. शिवाय उत्तराखंडातही बाहेरच्यांच्या जमीनखरेदीवर मर्यादा आहेत. गुलमर्गमध्ये हॉटेलांची जमीनसुद्धा बहुतेक सरकारी पट्ट्याची आहे.)

आता त्या घराची देखभाल. हिवाळ्यात बंद ठेवलेल्या घरात नळांतलं पाणी गोठतं, फुगतं आणि पाइप फुटतात. त्यामुळे टाकी, गिझर, सगळं रिकामं करून ठेवावं लागतं. छपरावर बर्फ साठला तर उतरवावा लागतो. पावसाळ्यात गाद्या-रजयांना वास लागतो, लाकडाला बुरशी येते. याला बारमाही राखणदार हवा, आणि तो माणूस विश्वासाचा हवा. ठाण्यात बसून फोनवर हे सांभाळणं किती ओढाताणीचं असतं, हे ज्यांची कर्जत-मुरबाडला फार्महाऊस आहेत त्यांना विचारा. तिथे निदान दोन तासांत पोचता तरी येतं. मनालीला जायचं तर चंदीगडपर्यंत विमान किंवा गाडी आणि पुढे जवळजवळ तीनशे किलोमीटरचा डोंगरी रस्ता. भुंतरचा विमानतळ जवळ आहे, पण तिथे छोटीच विमानं उतरतात आणि हवा बिघडली की रद्द होतात.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते तुमच्याबद्दल. तुम्ही पत्रात गुडघ्यांचा उल्लेख एका वाक्यात करून पुढे गेलात. त्या वाक्यामागे बरंच काही असावं. 'मनालीला घर आहे' हे एकदा नातेवाइकांत पसरलं, की पुढच्या मे महिन्यात नणंद, दीर, मुलीच्या सासरची मंडळी, सोसायटीतली माणसं, सगळ्यांचे फोन येतील. यजमान हौसेने हो म्हणतील, त्यात त्यांचा आनंदही खरा असेल. पण कुकर लावणार कोण? चादरी बदलणार कोण? बाजारात जाऊन उतारावरून भाजीच्या पिशव्या आणणार कोण? तुम्हाला दुसरं स्वयंपाकघर मिळेल, तेही चढावर, आणि रोजची कामवाली नसलेलं. हॉटेलात किंवा भाड्याच्या घरात तुम्ही पाहुण्या असता. स्वतःच्या कॉटेजमध्ये तुम्ही यजमानीण. तुमचाही सगळा जन्म कामात गेलाय. निवृत्ती तुमचीही व्हायला हवी. हे त्यांना सांगताना तक्रारीच्या सुरात सांगू नका. संध्याकाळी उपवन तलावावर फिरायला जाता जाता सांगा. चालताना माणसं जास्त ऐकतात, जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून नाही.

तब्येतीचं सांगायचं तर, दोन हजार मीटर उंची रक्तदाब आटोक्यात असलेल्या माणसाला सहसा बाधत नाही, तरी दीर्घ मुक्कामाआधी डॉक्टरांना विचारा. मनालीत मिशनचं जुनं रुग्णालय आहे. मोठी गरज पडली, तर कुलू किंवा त्याही खाली बिलासपूरचं एम्स. रस्ता सुरू असेल तर.

पैशांकडे एकदा असं बघा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के आहे. ३० लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये. त्यावर कर लागू आहे, हे धरूनच चाला. एजंट आठ टक्क्यांची 'हमी' देतोय ती एका खासगी कंपनीच्या कागदावर. इथे जवळपास तेवढाच दर सरकार देतंय आणि मुद्दल तुमचं तुमच्या नावावर राहतं. समजा, दर उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस एक चांगलं घर भाड्याने घेतलं आणि रोजचे ३,००० धरले, तर १ लाख ३५ हजार होतात. प्रवास वेगळा. म्हणजे ३० लाखांच्या व्याजातच दरवर्षी दीड महिन्याचा उन्हाळा बसतो, आणि उरलेले साठ लाख आजारपणाला, म्हातारपणाला शिल्लक. शिवाय एका वर्षी मनाली, दुसऱ्या वर्षी नग्गर, तिसऱ्या वर्षी वाटलं तर तीर्थन खोरं. गुडघे फारच दुखले तर महाबळेश्वर.

आणखी एक गोष्ट, जी मला मनापासून महत्त्वाची वाटते. डोंगरातली गावं वर्षातले चार आठवडे उघडणाऱ्या घरांनी भरली की तिथल्या माणसांची पंचाईत होते. २०१८ च्या उन्हाळ्यात शिमल्यात नळांना आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. पर्यटकांनी येऊ नये, असं तिथल्याच लोकांनी म्हटलं. स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१२ मध्ये जनमत घेऊन ठरवलं गेलं, की ज्या गावात सुट्टीची घरं वीस टक्क्यांच्या वर गेलीत तिथे आणखी बांधायची नाहीत. भाड्याने राहणारा माणूस स्थानिकाच्या घरात राहतो, ते भाडं त्या स्थानिकाच्या कुटुंबात जातं. यजमानांना त्या गावाबद्दल जिव्हाळा वाटू लागलाय ना? मग तो दाखवायची ही चांगली रीत आहे.

मुलांशीही बोला. 'बाबांची हौस' म्हणणं सोपं आहे. त्यांना सरळ विचारा: आमच्यानंतर या घराचा पाइप फुटला तर पुण्याहून कोण जाणार?

आता करायचं काय ते सांगते. एजंटाला कळवा की कागद पाहिल्याशिवाय टोकन नाही. 'फक्त दोनच कॉटेजेस उरलीत' असा फोन येईल, येऊ द्या. सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरल्यावर, दोघं चार-पाच दिवस तिथे जाऊन या. सफरचंदांची तोडणी चालू असेल, हॉटेलं स्वस्त असतील आणि पावसाने रस्त्याचं, नाल्याचं, त्या प्रकल्पाच्या भरावाचं काय केलंय ते डोळ्यांनी दिसेल. त्याच फेरीत पुढच्या मे-जूनसाठी एखादं बागेतलं घर बघून ठेवा. पायऱ्या कमी असलेलं, स्वयंपाकाला बाई मिळेल असं, बाजार सपाटीवर असलेलं. घर निवडायचं काम यजमानांना द्या. पायऱ्या मात्र तुम्ही मोजा. मेमधली चांगली घरं फेब्रुवारीतच जातात, म्हणून आगाऊ रक्कम जानेवारीत पाठवा, पावती घ्या, आणि मुक्कामाचे पहिले पंधरा दिवस कोणालाही पत्ता देऊ नका.